भिंतीला टेकून उभा राहिलेला एजंट

अनेक आशीर्वाद.

तुझा रात्री पावणेबाराचा मेसेज सकाळी चहाबरोबर वाचला. भाड्याच्या घराच्या शोधात तीन रविवार, चौदा फ्लॅट, त्यातले सहा 'आत्ताच गेले', घर धरून ठेवायला आगाऊ दिलेलं दोन हजारांचं टोकन अडकलेलं आणि शेवटी 'मॅडम, हे एजंट सगळे चोर आहेत'. फोनच करणार होते. पण फोनवर तू 'हो मॅडम, हो मॅडम' करतोस आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच करतोस. म्हणून लिहिते.

चोर आहेत की नाहीत ते जरा बाजूला ठेव. मी ठाण्या-नवी मुंबईत चौदा वर्षं भाड्याने राहिले, सात घरं बदलली. आता ऐरोलीत माझा एक छोटा फ्लॅट आहे, तो मी भाड्याने देते आणि तोही एजंटमार्फतच. म्हणजे ज्याच्या नावाने तू खडे फोडतोस त्याच्या दोन्ही अंगांना मी उभी राहिलेय. आधी मालकाच्या बाजूचं सांगते, कारण ते तुला कोणी सांगणार नाही.

माझा फ्लॅट कधी अकरा महिन्यांनी, कधी बावीस महिन्यांनी रिकामा होतो. दर वेळी मी त्याच एजंटला फोन करते. म्हणजे त्याच्या हिशेबात मी कायमचं गिऱ्हाईक. तू एकदाच येणार, एक महिन्याचं भाडं ब्रोकरेज म्हणून मोजणार आणि पुढचं घर घेशील तेव्हा एजंटही दुसराच असेल. पैसे तुझे, काम माझं. नळाला पाणी किती वेळ येतं हे तो तुला धड सांगत नाही. पण तू 'पार्टी' कशी आहेस, पगार किती, घरी कोण येतं-जातं, मासे-मटण शिजवतोस का, हे मला फोनवर सविस्तर सांगतो. मागे एका मुलाबद्दल म्हणाला, "मॅडम, पोरगा गरीब आहे, डोळे झाकून द्या." गरीब म्हणजे पैशाने नव्हे. डिपॉझिट परत देताना दोन-चार हजार कापले तरी भांडणार नाही, असा त्याचा अर्थ. मला ओशाळल्यासारखं झालं, पण गप्प बसले, हेही खरं. तर तू त्याच्यासमोर इतका 'गरीब' दिसू नकोस.

आता माझी स्वतःची फजिती. २००७ चा मे महिना. कोपरीत वन बीएचके बघायला गेले, दुपारी दोनला. एजंट आधीच पोचलेला. घरातले सगळे दिवे लावलेले, उदबत्तीचा वास. त्याने दार उघडलं आणि बेडरूमच्या एका भिंतीला टेकून उभा राहिला. मी किचन पाहिलं, बाल्कनी पाहिली, संडास-बाथरूम पाहिलं, खिडकीतून रस्ता पाहिला. पंधरा-वीस मिनिटं. तो जागचा हलला नाही, तिथूनच "हवा बघा मॅडम, क्रॉस व्हेंटिलेशन" म्हणत होता. मला वाटलं, उन्हातून आलाय बिचारा, दमला असेल. मी त्याला माझ्या बाटलीतलं पाणी दिलं! सामान लावलं त्या दिवशी ती भिंत दिसली. खांद्याच्या उंचीपर्यंत पोपडे, त्यावर घाईघाईत मारलेला चुना, बोट लावलं की पावडर. जुलैत माझ्या गादीला खालून बुरशी आली. मालकाला फोन केला तर तो म्हणाला, "एजंटला सगळं माहीत होतं, तुम्ही विचारलं नाहीत का?" नव्हतं विचारलं. तेव्हापासून घर बघताना मी आधी एजंट कुठे उभा राहतो ते बघते आणि मग त्याला म्हणते, "भाऊ, जरा बाजूला व्हा."

घर बघायला तू रविवारी अकराला जातोस, हीच पहिली चूक. त्या वेळी सगळी घरं बरी दिसतात. घोडबंदर रोडला बघणार असशील तर एकदा कामाच्या दिवशी संध्याकाळी सातला जा. मानपाड्याहून कासारवडवलीला पोचायला किती वेळ लागतो ते बसमध्ये उभं राहिल्यावर कळेल. 'स्टेशनपासून पंधरा मिनिटं' ही त्याची पंधरा मिनिटं पहाटे पाचची असतात. नळ उघडून नुसती धार बघू नकोस, बादली भरेपर्यंत थांब. एका घरात नळ दोनदा खोकला आणि बंद पडला, एजंट म्हणाला, "वरची टाकी साफ करतायत." खाली वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, टँकर येतो, परवा आला होता. वॉचमनला ब्रोकरेज मिळत नाही, त्यामुळे तो खरं बोलतो. जिन्यात भाजीची पिशवी घेऊन चढणारी एखादी बाई भेटली तर तिलाही विचार. पाणी, लिफ्ट, वरच्या मजल्यावरचा माणूस, सगळं कळेल.

खारघरचे दोन फ्लॅट आवडले म्हणालास. एजंट खारघरला 'नवी मुंबई' म्हणेल आणि ते चूकही नाही, पण महापालिका पनवेलची आहे. नवी मुंबई महापालिकेला पाण्यासाठी मोरबे धरण आहे, स्वतःचं. खारघरच्या पाण्याची रड वेगळी आहे, विशेषतः एप्रिल-मेमध्ये. सेक्टर नंबर विचार आणि त्याच सेक्टरमधल्या माणसाला पाण्याचं विचार. नवी मुंबईत एका सेक्टरचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

घणसोली गावातल्या त्या स्वस्त घराचं विचारलंस. घणसोली, तळवली, गोठिवली, कोपरखैरणे गाव इथे सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, सेक्टरांपेक्षा भाडं बरंच कमी असतं. ती बरीचशी 'गरजेपोटी' बांधलेली घरं. नवी मुंबई वसवताना ज्यांच्या जमिनी गेल्या त्या प्रकल्पग्रस्तांनी कुटुंब वाढलं तसं गावठाणाभोवती बांधलेली. मी दीड वर्ष अशाच घरात राहिले. मालकीणबाई आगरी, रविवारी तांदळाची भाकरी आणि जवळा वर पाठवायच्या, आणि भाड्याला दोन दिवस उशीर झाला तर तोंडावर बोलायच्या. अशी मालकीण पुन्हा मिळाली नाही. राहायला अजिबात हरकत नाही. पण त्या घरांच्या कागदांचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत आहे, तेव्हा तिथे मोठी रक्कम गुंतवायची नाही. एजंटने 'हेवी डिपॉझिट द्या, भाडं नको' म्हटलं की उठायचं. हेवी डिपॉझिट तसंही कुठेच देऊ नकोस. चार-पाच लाख दुसऱ्याच्या खिशात, आणि परत मिळणार ते त्याला नवा भाडेकरू मिळाल्यावर. शिवाय मालक म्हणून समोर बसलेला माणूस खरोखर मालक आहे का, हा प्रश्न उरतोच.

तो प्रश्न साध्या घरालाही विचारायचा. लाजू नकोस. मालकाच्या नावाचं ताजं वीज बिल माग, सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल माग, जमलं तर इंडेक्स टू, म्हणजे घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा. बिलावरचं नाव आणि आधार कार्डावरचं नाव जुळतं का बघ. वीज बिलाची थकबाकी त्याच कागदावर दिसते. माझ्या एका सहकाऱ्याने आधीच्या भाडेकरूची साडेचार हजारांची थकबाकी भरली, कारण मीटर कापायला माणूस दारात आला होता. आणि ऑनलाइन जाहिरातीतला तो 'फौजी', बदली झालीय म्हणून सुंदर फ्लॅट निम्म्या भाड्यात देणारा, घर दाखवायच्या आधी गेट पाससाठी क्यूआर कोड पाठवणारा, त्याला उत्तरही देऊ नकोस.

टोकनचं बोलू. ते दोन हजार व्हॉट्सअॅपवर एकदा नीट, लेखी माग: अमुक तारखेला दिले, मालकाने नकार दिला, परत पाठवा. नाही आले तर विसर. त्या दोन हजारांपायी तू त्याच्या ऑफिसच्या चार खेपा घालशील, आणि तुझी शनिवारची दुपार त्याहून महाग आहे. पुढच्या वेळी मालकाशी स्वतः बोलल्याशिवाय टोकन नाही, आणि ते मालकाच्याच खात्यात. पाठवण्याआधी एक ओळ लिहून घे: कोणत्या फ्लॅटचं, किती भाडं, किती डिपॉझिट, मालकाने नकार दिला तर किती दिवसांत परत. "दुसरी पार्टी संध्याकाळी येतेय" असं तो म्हणेलच. येऊ दे. मी इतकी वर्षं ऐकतेय, ती दुसरी पार्टी मी जिन्यात एकदाही पाहिली नाही.

ब्रोकरेज किती, हे घर बघायच्या आधी ठरव. घर आवडलं हे तुझ्या तोंडावर दिसलं की घासाघीस संपली. आणि ते द्यायचं करारनाम्याची नोंदणी होऊन चावी हातात आल्यावर.

करारनाम्याच्या खर्चात तुला साडेपाच हजार सांगितलेत ना, त्याचा हिशेब असा. समज भाडं २२,००० आणि डिपॉझिट ७५,०००. मुद्रांक शुल्क पाव टक्का. ते लागतं अकरा महिन्यांच्या भाड्यावर, म्हणजे २,४२,००० वर, आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेल्या व्याजावर, म्हणजे साधारण सात हजारांवर. बेरजेचा पाव टक्का काढ, सहाशे-सातशे रुपये होतात. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,०००. किरकोळ धरून सरकारचा वाटा दोन हजारांच्या आसपास. बाकी त्या मुलाची मजुरी, जो अंगठ्याचं मशीन आणि लॅपटॉप घेऊन घरी येतो, तुझा आणि मालकाचा फोटो काढतो, सर्व्हर बंद पडला की तासभर सोफ्यावर बसून राहतो. ती मजुरी जरूर दे, पण मजुरी म्हणून दे, 'गव्हर्न्मेंट फी' म्हणून नको. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची जबाबदारी मालकाची, ती ऑनलाइन भरता येते; त्याचे वेगळे हजार मागितले तर नाही म्हण. "नोटरी करू, स्वस्तात होईल" म्हटलं तरी नाही म्हण. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, त्याचं कलम ५५: करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची, नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम तोंडपाठ कर. आवाज न चढवता म्हटलंस तरी पुरतं. कलम २४ मात्र तुझ्या अंगावर येणारं आहे: मुदत संपल्यावर नवा करार न करता घरात राहिलास तर दुप्पट भाड्याचा दावा होऊ शकतो. तेव्हा दहाव्या महिन्यातच मालकाला विचार. त्या वेळी एजंट उगवेल आणि रिन्यूअलचं अर्धं ब्रोकरेज मागेल. मी माझ्या भाडेकरूला ते देऊ देत नाही. नोंदणीचा खर्च आम्ही निम्मा-निम्मा करतो.

'सोसायटी चार्ज' म्हणून काही मागितलं तर तेही मालकाकडे ढकल. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी जी जादा रक्कम घेते ती सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर जाऊ शकत नाही, हा राज्य सरकारचा २००१ चा आदेश आहे, आणि ती सभासदाने भरायची, तू सभासद नाहीस. एजंटच्या कार्डावरच्या महारेरा नंबरावरही, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता प्राधिकरणाकडच्या नोंदणीवरही, फार भाळू नकोस. ती नोंदणी घरांच्या विक्रीसाठी असते, भाड्याच्या व्यवहाराला ती लागू नाही.

आडनाव विचारलं, नॉनव्हेजचं विचारलं, 'बॅचलर नको' म्हणाले, हे तुला झोंबलं ते कळलं. मलाही ठाण्यात, आपल्याच ठाण्यात, मासे खाणारी म्हणून दोनदा नकार मिळालाय. यावर माझ्याकडे उपाय नाही. फक्त पहिल्या फोनवरच सांगून टाक: एकटा आहे, मासे खातो, मित्र येतील. चौदातले आठ फ्लॅट तिथेच गळतील आणि तुझे दोन रविवार वाचतील.

एक गोष्ट मात्र करू नकोस. एजंटने घर दाखवल्यावर मालकाचा नंबर काढून परस्पर सौदा करायचा नाही. माझ्याकडे असे फोन येतात: "मॅडम, मधल्या माणसाला कशाला द्यायचं?" त्या माणसाने उन्हातान्हात वीस जणांना माझं घर दाखवलेलं असतं, चावी घेऊन चार मजले चढलेला असतो, पेट्रोल स्वतःचं. असा भाडेकरू मी ठेवत नाही. आज त्याला टांग मारणारा उद्या मलाही मारेल. आणि एकच फ्लॅट दोघांनी दाखवला तर दुसऱ्याला तिथेच सांग, हा आधी पाहिलाय, अमक्याने दाखवला. नाहीतर ब्रोकरेजसाठी दोघं तुझ्या दारात भांडतील.

शनिवारी घणसोलीचं घर बघायला जाशील तेव्हा दुपारी चारला जा. त्याला सगळे दिवे बंद करायला सांग. भिंतींचे फोटो मला पाठव, खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराचे नकोत. आणि तो कुठे टेकून उभा होता तेही लिही.

तुझी,
मॅडम