एकदाच वापरून फेकायचं प्लास्टिक रोजच्या जगण्यात कमी कसं करता येईल?

आधी आठवडाभर घरातला प्लास्टिकचा कचरा वेगळा साठवा. सगळ्यात जास्त काय येतं ते दिसेल, तिथूनच सुरुवात करा. अनेकदा सॅशे आणि छोटी पाकिटंच निघतात. त्यांत प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर घट्ट चिकटवलेले असतात, ते सुटे करणं अवघड, त्यामुळे रिसायकलिंग जवळपास होतच नाही. शाम्पू, डिटर्जंट मोठ्या पॅकमध्येच घ्या.

मात्र नव्या कापडी पिशव्यांचा ढीग कृपा करून जमवू नका! ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीच्या २०११ च्या अहवालानुसार, हवामानावरचा परिणाम पाहिला तर सुती पिशवी १३१ वेळा वापरल्यावर कुठे एकदा वापरलेल्या साध्या प्लास्टिक पिशवीची बरोबरी करते. घरात आहे तीच पिशवी वापरा, दाराशी टांगून ठेवा म्हणजे विसरणार नाही. पाण्याच्या बाटलीचंही तसंच.