एखाद्या छोट्या विद्यापीठाने अमेरिकन फुटबॉलमध्ये बड्या संघांना धूळ चारली आहे का?

हो, आणि तीही सहा दिवसांत पाच वेळा! टेनेसी राज्यातल्या डोंगरावर सवॉनी नावाचं गाव आहे. तिथल्या 'युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ'च्या संघाने १८९९च्या नोव्हेंबरमध्ये रेल्वेने दौरा काढला. सगळे सामने दुसऱ्या विद्यापीठांशी: ९ तारखेला टेक्सास, १०ला टेक्सास ए अँड एम, ११ला टुलेन. रविवारी विश्रांती. मग १३ला लुइझियाना स्टेट आणि १४ला मिसिसिपी. पाचही सामने जिंकले आणि प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण मिळू दिला नाही. तेव्हा पुढे पास फेकायलाही बंदी होती, म्हणजे सगळा खेळ अंगावर घेऊन, रेटारेटीचा. रोज असा मार खाऊन रात्री गाडीत बसायचं आणि सकाळी पुन्हा मैदानात उतरायचं, याची कल्पना करूनच माझ्या अंगावर काटा येतो.

हा दौरा आखला होता संघाचा विद्यार्थी-व्यवस्थापक ल्यूक ली याने. तो पुढे अमेरिकेचा सिनेटर झाला. त्या मोसमात सवॉनीने बाराही सामने जिंकले, एकूण गुण ३२२ विरुद्ध १०. ते दहाही एकट्या ऑबर्न विद्यापीठाच्या संघाचे, आणि तो सामना ११-१० असा जेमतेम सुटला.

नंतर दिवस पालटले. १९३२मध्ये स्थापन झालेल्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सचा, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचा, सवॉनी संस्थापक सदस्य होता, पण तिथे त्यांना एकही सामना जिंकता आला नाही. १९४०मध्ये ते बाहेर पडले. आज ते डिव्हिजन तीनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या श्रेणीत खेळतात. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, तरी पोरं खेळतात. मला हा संघ आवडतो तो यासाठीही.