टर्बो बदलण्याआधी तो कशाने गेला ते शोधा

प्रश्न : माझी १.३ लिटर डिझेल हॅचबॅक १ लाख ४० हजार किलोमीटर चालली आहे. चढावर पिकअप राहिला नाही, वेग घेताना सायरनसारखा आवाज येतो आणि मागून निळसर धूर निघतो. गॅरेजवाले म्हणतात टर्बो गेला, कोअर (शाफ्ट आणि पंख्यांचा मधला भाग) बदलू. दुसरे म्हणतात पूर्ण टर्बो नवाच घ्या. ऑनलाइन तर निम्म्याहून कमी किमतीत मिळतोय. काय घ्यावं? – एक वाचक, सांगली

उत्तर : काय घ्यायचं ते नंतर ठरवा. जुना कशाने गेला हे कळल्याशिवाय नवा बसवला तर तोही त्याच वाटेने जाईल, कधी कधी आठवड्याभरात. टर्बोत एका शाफ्टवर दोन पंखे असतात : गरम बाजूचा एक्झॉस्टच्या जोराने फिरतो, थंड बाजूचा हवा दाबून इंजिनात भरतो. टर्बो आपण होऊन क्वचितच मरतो. त्याचा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो आणि बेअरिंगवर टेकलेला नसतो, ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. ते ऑइल उशिरा आलं, कमी आलं किंवा घाण आलं की खेळ संपला.

जुना कोअर उघडायला सांगा आणि समोर उभं राहून बघा. शाफ्ट निळा-काळा पडला असेल तर ऑइल पोचलं नाही. बेअरिंगवर बारीक चरे असतील तर ऑइलमध्ये कचरा होता. थंड बाजूच्या पंख्याच्या कडा खाल्ल्यासारख्या दिसल्या तर एअर फिल्टर किंवा त्याच्या पुढचा पाइप तपासा, तिथून धूळ-खडे आत जात आहेत. गरम बाजूच्या पंख्याला मार लागला असेल तर इंजिनमधलंच काहीतरी तुटून आलं आहे, मग आधी इंजिन बघावं लागेल.

निळ्या धुराबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. टर्बोचं सील रबराचं नसतं, पिस्टन रिंगसारखी धातूची बारीक रिंग असते. खाली उतरणारं ऑइल मोकळं वाहत असेल तरच ती काम करते. परतीचा पाइप काजळीने चोंदला किंवा इंजिनचा ब्रीदर (आतला दाब बाहेर सोडणारी वाट) बंद पडून चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) दाब साठला, तर चांगला टर्बोही ऑइल फेकतो. म्हणून परतीचा पाइप आणि ब्रीदर तपासल्याशिवाय ‘टर्बो गेला’ हा निकाल मान्य करू नका.

शाफ्ट बोटांनी हलवून बघितल्यावर वर-खाली थोडा हलतो, ते साध्या बेअरिंगच्या टर्बोत नैसर्गिक आहे. पण पंखा भोवतीच्या घराला (आवरणाला) घासता कामा नये. पुढे-मागे मात्र जवळजवळ हलू नये. डायल गेजवर हा पुढे-मागचा प्ले ०.१ मिलिमीटरच्या वर गेला की तो कोअर संपला.

आता खरेदी. दोन्ही घरं शाबूत असतील, तडे नसतील, आतून पंखा घासल्याच्या खुणा नसतील, तर नामांकित कंपनीचा कोअर बसवणं हा योग्य आणि स्वस्त पर्याय आहे. अट एकच : कोअर हायस्पीड मशीनवर बॅलन्स केलेला हवा आणि त्याचा रिपोर्ट सोबत हवा. नुसतं रिपेअर किट घालून, बॅलन्स न करता परत दिलेला टर्बो आम्ही कुणालाही सुचवणार नाही. एवढ्या वेगात ग्रॅमच्या अंशाइतकं असंतुलनही बेअरिंग फोडतं. निम्म्या किमतीच्या बेनामी नकलेत धातू कोणता आणि बॅलन्स किती हे कुणीच सांगू शकत नाही, तिथे पैसे वाचत नाहीत. आणि ऑर्डर देताना गाडीचं नाव सांगून थांबू नका, टर्बोच्या पट्टीवरचा पार्ट नंबर द्या. १.३ मल्टिजेट इंजिनच ७५ पीएसमध्ये साध्या टर्बोचं आहे आणि ९० पीएसमध्ये व्हेरिएबल टर्बोचं (गरम बाजूला हलत्या पात्या असलेल्या). नावावरून चुकीचा येतो.

शेवटी एक इशारा. इतकं ऑइल जात असेल तर गाडी चालवणं थांबवा. इनटेकमध्ये (हवा इंजिनात जाण्याच्या वाटेत) साठलेलं ऑइल डिझेल इंजिन इंधन म्हणून जाळू लागलं की चावी बंद करूनही ते थांबत नाही, रेस वाढतच जाते. तसं झालंच तर वरचा गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. बॉनेट उघडून हात घालू नका.

प्रश्न : टर्बो मागवला आहे, ओळखीच्या मेकॅनिककडून बसवणार. कशावर लक्ष ठेवू? – एक वाचक, बार्शी

उत्तर : टर्बोच्या बिलाबरोबर आणखी चार वस्तूंचं बिल हवं : नवं ऑइल, नवा ऑइल फिल्टर, ऑइल येण्याचा नवा पाइप आणि पॅकिंगचा पूर्ण सेट. पाइप धुऊन वापरू म्हणतील. नका ऐकू. आतली जळकी काजळी धुऊन पूर्ण निघत नाही आणि पहिल्याच दिवशी सुटून बेअरिंगमध्ये जाते. पाइप जोडणाऱ्या पोकळ बॅन्जो बोल्टमध्ये बारीक जाळी असेल तर तीही नवी घाला.

इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारा) काढून आतलं ऑइल पूर्ण निथळू द्या, धुवा आणि कोरडा खडखडीत करा. ही पायरी सर्रास टाळली जाते. जुन्या टर्बोचा पंखा तुटला असेल तर इंटरकूलर बदलाच, तुकडे त्याच्या नळ्यांत अडकून बसतात.

ऑइलच्या जोडांवर सीलंटची ट्यूब अजिबात वापरू देऊ नका. दाबल्यावर ते आत ओघळतं, सुटतं आणि नेमकं भोक बंद करतं. पॅकिंग कोरडंच बसवायचं. परतीचा पाइप शक्य तितका सरळ खाली जायला हवा, कुठे वाकून पोट पडलेलं नको. एक्झॉस्टकडचे नट आदल्या रात्री गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवून ठेवले तर स्टड तुटत नाहीत. घट्ट करताना टॉर्क रेंच आणि गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा, अंदाज नाही.

पाइप जोडण्याआधी वरच्या भोकातून स्वच्छ इंजिन ऑइल ओता आणि पंखा बोटाने फिरवत राहा. मग इंजेक्टरचे कनेक्टर काढून, गाडी सुरू न होऊ देता, १०-१५ सेकंद स्टार्टर मारा, थोडं थांबा, पुन्हा मारा. ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत हे करा. कनेक्टर लावा, गाडी सुरू करा आणि ३-४ मिनिटं अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता चालू ठेवा. गळती बघा. स्कॅनरने बिघाडाचे जुने कोड पुसून चाचणी फेरी मारा आणि पूर्ण गार झाल्यावर नट-क्लिपा पुन्हा तपासा.

प्रश्न : माझ्या १.२ लिटर पेट्रोल गाडीला टर्बो किट बसवायचं आहे. ८० हॉर्सपॉवरचे १२० होतील का? – एक वाचक, पुणे

उत्तर : कागदावर होतील. १२० हॉर्सपॉवरला मिनिटाला साधारण ६ किलो हवा लागते. समुद्रसपाटीला १४.७ पीएसआय हवेचा दाब धरून ७ पीएसआय बूस्ट (टर्बोने वाढवलेला दाब) दिला, तर प्रेशर रेशो २१.७ भागिले १४.७, म्हणजे १.४८. हे दोन आकडे कॉम्प्रेसर मॅपच्या (टर्बोच्या कार्यक्षमतेच्या आलेखाच्या) मधल्या, जास्त कार्यक्षम पट्ट्यात येतील असा छोटा टर्बो निवडायचा. मोठा घेतला तर खालच्या आरपीएमला काहीच मिळत नाही. उंचीचाही हिशेब धरा : महाबळेश्वरला हवेचा दाब १२.५ पीएसआयच्या आसपास उतरतो, तेवढ्याच बूस्टला रेशो १.५६ होतो आणि टर्बोला जास्त फिरावं लागतं.

अडचण इंजिनात आहे. आजच्या बिनटर्बो इंजिनांचा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ११ किंवा त्याहून वर असतो. त्यात दाबलेली गरम हवा घातली की मिश्रण अवेळी पेटतं, नॉकिंग होतं, पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते. मूळ मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) जेमतेम वातावरणाच्या दाबापर्यंतच मोजतो, म्हणजे बूस्ट आल्यावर ईसीयू (इंजिनचा संगणक) आंधळा असतो. इंजेक्टर अपुरे पडतात. मग सेन्सर, इंजेक्टर, एक पायरी थंड स्पार्क प्लग, इंटरकूलर, नवा क्लच, चेंबरला भोक पाडून ऑइलची परतवाट आणि डायनोवर (ताकद मोजण्याच्या मशीनवर) ट्यूनिंग, हे सगळं मिळून किट होतं. चारच पाइप आणि टर्बो विकणारा तुम्हाला अर्धी गोष्ट विकतोय.

शिवाय कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते. मूळ टर्बोच्या जागी त्याच नंबरचा टर्बो बसवण्याला हे लागू नाही. रस्त्यावरच्या गाडीसाठी आमचं उत्तर नाही असंच आहे. ती विकून कारखान्यातूनच टर्बो घेऊन आलेली गाडी घ्या.

प्रश्न : ओव्हरटेक करताना गाडी एकदम मेल्यासारखी होते, बंद करून चालू केली की ठीक. स्कॅनरवर कधी पी०२९९, कधी पी०२३४. टर्बो बदलायला सांगतात. – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पहिला कोड बूस्ट कमी असल्याचा, दुसरा जास्त झाल्याचा. दोन्ही आलटून पालटून येत असतील तर व्हेरिएबल टर्बोच्या पात्या काजळीने अडकत असण्याचा दाट संशय आहे. टर्बो बदलण्याची घाई नको. आधी व्हॅक्यूमचे बारीक रबरी पाइप बघा, उष्णतेने त्यांना चिरा जातात. मग अ‍ॅक्चुएटर (पात्या हलवणारा भाग) व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर हातपंप लावा : दांडी टोकापासून टोकापर्यंत सलग सरकली पाहिजे आणि पंप थांबवल्यावर जागेवर टिकली पाहिजे. खाली आली तर डायफ्राम फुटलाय. झटक्याने सरकली तर पात्या अडकतायत. तेव्हा टर्बो काढून गरम बाजू उघडून साफ करता येते, पण पात्यांची हद्द ठरवणाऱ्या स्टॉप स्क्रूला हात लावू देऊ नका. तो कारखान्यात हवेचा प्रवाह मोजून लावलेला असतो आणि अंदाजाने परत बसत नाही. ईजीआर व्हॉल्व्हही (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) त्याच वेळी साफ करा, कारण काजळीचं मूळ बरेचदा तिथे असतं.

प्रश्न : गाडी बंद करण्याआधी किती वेळ चालू ठेवायची? – एक वाचक, नाशिक

उत्तर : गावात हळू चालवून घरी आलात तर वेगळं थांबायची गरज नाही. कसारा घाट चढून लगेच चहाला थांबलात किंवा हायवेवरून थेट टोलनाक्याजवळ उतरलात, तर एक ते दोन मिनिटं. गरम टर्बोत अडकलेलं ऑइल जळून कोळसा होतो तो अशाच वेळी. बंद करताना शेवटची रेस देण्याची सवय असेल तर ती सोडा : चावी फिरवल्यावर ऑइलचा दाब संपतो आणि शाफ्ट मात्र फिरतच असतो. सकाळी पहिली अर्धी मिनिटही रेस देऊ नका. ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमधलाच ठेवा, आणि रोज थोड्याच अंतराचा, थांबत-थांबत प्रवास असेल तर कंपनीच्या मुदतीआधीच बदला.