प्युरिफायर घ्यायच्या आधी गादीकडे बघा

मुलाला दमा निघालाय, रात्री झोपला की खोकला वाढतो, तर एअर प्युरिफायर घेऊ का आणि मांजर कुणाला देऊन टाकू का, असं विचारलंय तुम्ही. दोन्हीची घाई नको. आधी ॲलर्जी नक्की कशाची आहे ती टेस्ट करून घ्या, स्किन प्रिक (कातडीवर थेंब टाकून हलकं टोचून बघतात ती) किंवा रक्ताची आयजीई (ॲलर्जीच्या अँटिबॉडी मोजणारी), नाहीतर सगळा अंदाजपंचे कारभार.

दमा तसा रात्री वाढतोच, पण अंथरुणात पडल्या पडल्या शिंका, नाक बंद आणि मग खोकला असा क्रम असेल तर माझा पहिला संशय डस्ट माइटवर, म्हणजे गादी-उशीतल्या धुळीतल्या बारीक किड्यांवर. हे जेमतेम पाव मिलिमीटरचे जीव, चावत वगैरे नाहीत, आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगतात आणि पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावाच शोषून घेतात, म्हणून दमट खोलीत जास्त फोफावतात. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रोटीनचा, ते श्वासातून गेलं की ॲलर्जी असलेल्याच्या श्वासनलिका आतून सुजतात, आवळतात आणि छातीत घरघर सुरू. आता गंमत बघा, हे कण जड असतात, गादी झटकली की उडतात आणि थोड्या वेळात परत खाली बसतात, मग कोपऱ्यातला प्युरिफायर पकडणार काय? पोरगं तर उशीत नाक खुपसून झोपलंय!

त्यामुळे पैसे अंथरुणावर घाला. गादी-उशीला चेनवाली माइटप्रूफ कव्हरं, चादरी-अभ्रे आठवड्याला ६० डिग्रीच्या गरम पाण्यात, खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली, आणि झाडझूड करताना मूल दुसऱ्या खोलीत. नुसत्या कव्हरवर मात्र विसंबू नका, मोठ्या माणसांवरच्या अभ्यासात एकट्या कव्हरने दम्यात फारसा फरक पडलेला नाही.

मांजराचं उलटं असतं. तिच्या लाळेतलं आणि कातडीतलं ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी आणणारं प्रोटीन, इतकं बारीक की तासन् तास हवेत तरंगतं, तिथे प्युरिफायरला थोडा तरी अर्थ आहे. आणि मांजर दिलं तरी हे ॲलर्जन घरात काही महिने राहतं, तेव्हा आठवड्यात फरक नाही पडला म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. टेस्टमधे मांजर आलंच नाही तर बिचारीला कशाला घालवता?

भिंतीला ओल, बुरशी असेल तर नुसता रंग मारून उपयोग नाही, गळती बंद करा. झुरळांची विष्ठासुद्धा दमा भडकवते, पण स्प्रेच्या वासाने अजून धाप लागेल, त्यापेक्षा झुरळं मारायचं जेल लावा.

आणि हे सगळं करताना डॉक्टरांनी दिलेला रोजचा इन्हेलर चालूच ठेवा, खोकला थांबला म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.