तुमचे प्रश्न: टीटी घेतली खरी, आता पुढं काय?

प्रश्न: नमस्कार दादा. गोकुळ शिरगावला माझं छोटं सीएनसीचं युनिट आहे. आजवर एकच गाडी वापरली, ती पण घरची स्विफ्ट. पंधरा दिवसांपूर्वी बेंगळुरूहून 2012 ची ऑडी टीटी आणली, पेट्रोल, क्वाट्रो (चारही चाकांना ताकद), 68 हजार किमी, तिसरा मालक मी. आधीच्या मालकानं स्टेज टू करून ठेवलीय, म्हणजे रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवणं), कॅट, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काढलेला डाउनपाइप (टर्बोच्या मागचा एक्झॉस्ट पाइप), मोठा इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारा), उघडा फिल्टर, कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन), 19 इंची व्हील आणि मागं स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती). नंबर अजून केए आहे. पळते जबरदस्त, पण खरं सांगायचं तर मला तिची भीती वाटते. सकाळी चालू करताना दोन सेकंद खडखड येते आणि थांबते. मित्र म्हणतात आता अजून ताकद वाढव, स्टेज थ्रीच कर. काय करू? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर: भावा, अभिनंदन. नाद खुळा गाडी घेतलीस. आता त्या मित्रांचे फोन महिनाभर उचलू नको.

आधी ती खडखड बघू, कारण बाकीचं सगळं थांबू शकतं, हिचं बघणं थांबवून चालत नाही. तुझ्या 2.0 टीएफएसआय इंजिनात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि ती चेन ताणून धरायला ऑइलच्या प्रेशरवर चालणारा टेन्शनर. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल खाली उतरतं, सकाळी प्रेशर यायच्या आधी टेन्शनरनं स्वतःच्या खाचेवर चेन धरून ठेवायची असते, जुन्या डिझाइनच्या टेन्शनरला तिथंच दम लागतो, मग चेन सैल पडून कव्हरला आपटते, तो तुझा दोन सेकंदांचा आवाज. असाच टेन्शनर एक दिवस पूर्ण सुटला तर चेन दात सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर येतात आणि इंजिन संपलं. कंपनीनं सुधारलेला टेन्शनर 2012 च्या आसपासच आणला, म्हणजे तुझी गाडी नेमकी काठावरची, आत कुठला बसलाय हे कागद बघून कळणार नाही. खालच्या टायमिंग कव्हरला एक रबरी बूच असतंय, ते काढून आत बघता येतं, आणि चांगला स्कॅनर असेल तर कॅमशाफ्टच्या कोनावरून चेन किती ताणलीय ते पण समजतं. हे होईस्तोवर गाडी चालवू नको. युनिटला स्विफ्टनं जा.

आता स्टेज थ्री. तू स्वतः मशीनवाला आहेस म्हणून विचारतो, सेकंडहँड व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) घेतली असतीस तर पहिल्याच दिवशी फीड, म्हणजे कापायचा वेग, वाढवला असतास का आधी स्पिंडलला डायल लावून रनआउट, म्हणजे तो किती डगमगतो ते, बघितला असतास? मग इथं पण तेच कर की. कंपनीतून आलेली गाडी 211 हॉर्सपॉवरची, शंभर गाठायला साडेपाच सेकंदांच्या जरा वर, ती मुळातच लई पळती होती. त्यावर कुणीतरी लॅपटॉप लावून ताकद वाढवली आणि इतकी वर्षं कुणी कशी चालवली हे तुला माहिती नाही. तू घेतलीस ती गाडी कमी आणि मागच्या माणसाच्या सवयी जास्त, असं समजून चाल. गार इंजिन दाबणारा होता का, ऑइल वेळेवर बदलत होता का, सिग्नलला उभ्यावरून पूर्ण दाबून लाँच मारत होता का, हे सगळं आता तुझ्या दारात येऊन उभं आहे.

म्हणून मागच्या मालकाला फोन लाव आणि शांतपणे विचार: रिमॅप कुणी केला, कधी केला, आणि कुठल्या पेट्रोलवर केला. हा शेवटचा प्रश्न लोक विचारतच नाहीत. 97-100 ऑक्टेनवर बसवलेला ट्यून साध्या पेट्रोलवर पूर्ण दाबला की इंजिन नॉक करतं, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसतात, सेन्सर टायमिंग मागं घेतो, ताकद जाते ती जाते वर पिस्टनला मार. गाडी 2012 ची, ई20 (20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल) डोळ्यासमोर ठेवून काय ती बनवलेली नाही, तेव्हा ट्यून करणाऱ्याकडून त्याच ट्यूनचं मवाळ व्हर्जन मिळतंय का बघ. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काढलेले ओरिजिनल पार्ट कुठं आहेत? कॅटवाला डाउनपाइप, एअरबॉक्स, स्प्रिंगा. खोकं त्याच्या माळ्यावर पडलेलं असेल तर दोन पैसे जास्त दे, ट्रान्सपोर्टनं मागव, पण सोडू नको. का, ते खाली कागदांच्या ठिकाणी सांगतो.

मग खर्च. पहिल्या वर्षाला गाडीच्या किमतीच्या पंधरा-वीस टक्के बाजूला काढून ठेव, हा माझा अंदाज आहे, पण फार कुणाचा चुकलेला बघितला नाही. गिअरबॉक्स ओल्या क्लचचा सहा गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) आहे, त्याचं ऑइल आणि फिल्टर 60 हजारला बदलायचं असतं, बिल दिसलं नाही म्हणजे झालेलं नाही असं धर. हॅल्डेक्सचं, म्हणजे मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या युनिटचं ऑइल, हे तर निम्म्या मालकांना माहितीच नसतं. इंजिन ऑइल 5डब्ल्यू-40, व्हीडब्ल्यू 502.00 लिहिलेलं, आणि दर हजार किमीला दांडी ओढून बघायचं, ही इंजिनं ऑइल पितात. डायरेक्ट इंजेक्शन असल्यानं पेट्रोल व्हॉल्व्हवरून जातच नाही, त्यामुळं इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साठतो, तो अक्रोडाच्या टरफलाच्या भुग्यानं मारून काढतात (ऐकायला गंमत वाटते, पण खरंय). टायरच्या बाजूला चार आकडी नंबर बघ, 2318 म्हणजे 2018 चा तेविसावा आठवडा, नक्षी कितीही शाबूत दिसू दे, तसला जुना टायर या ताकदीला चालत नाही. चारही टायर एकदम आणि एकाच कंपनीचे, पुढं-मागं झीज वेगळी असली की हॅल्डेक्सला त्रास. ब्रेक फ्लुइड नवीन. आणि मागचे स्पेसर काढून बघ, बोल्ट त्या लांबीचे आहेत का, किती आटे धरतात, चाक मधोमध बसवणारी हब रिंग आहे का. आटे म्हणजे काय हे तुला सांगायला नको. बोल्ट आखूड निघाले तर स्पेसर काढून कोपऱ्यात टाक, शोभेसाठी चाक कशाला घालवायचं.

इथं माझी पण एक फजिती. माझ्याकडं जुनी ऑक्टाव्हिया व्हीआरएस होती, 1.8 टर्बो, ती पण हात लावलेलीच घेतली. वर चढताना दम सोडायची. एका गॅरेजनं आधी एमएएफ (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) सेन्सर बदलला, मग कॉइल, मग डायव्हर्टर व्हॉल्व्ह, 40 हजार गेले. शेवटी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या फिटरनं इंटरकूलरच्या पाइपावर साबणाचं पाणी मारून हवा भरायला लावली, फुगे आले, क्लॅम्प सैल. साठ रुपयांचा क्लॅम्प. तुझ्या गाडीला मोठा इंटरकूलर बसवलाय म्हणजे चार-पाच नवे जोड आलेच, पहिली टेस्ट ही कर. मेकॅनिक शोधताना मात्र भ्रमात राहू नको, आपल्या उद्यमनगरात कुठलंही बुश लेथवर काढून देतील, पण डीएसजी उघडायला पुण्याला जायला लागलं तर जायचं.

चालवण्याचं. पाण्याचा काटा पाच मिनिटांत 90 वर येतो आणि माणूस फसतो, ऑइल गरम व्हायला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो, तोवर तीन हजारच्या खाली राहा. गाडी बंद करायच्या आधीचे दोन किलोमीटर हळू, टर्बो गार होतो. गळीत हंगामात, दिवाळीपासून पुढं तीन-चार महिने, राधानगरी-गारगोटी रोडला रात्री अजिबात नाही. उसाच्या ट्रॅक्टरला मागं दोन ट्रॉल्या, लाईट एकाला पण नाही, आणि तू चार सेकंदांत कुठल्या कुठं पोचलेला असतोस. ईएसपीचं (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचं) बटण दाबून धरून ती बंद करायची नाही. गगनबावडा पावसाळ्यात सोड. भीती वाटते म्हणालास, ती वाटू दे अजून वर्षभर. खरंच हात साफ करायचा असेल तर आपल्या कोल्हापुरात कार्टिंग आहे, तिथं ब्रेक कुठं मारायचा हे स्वस्तात शिकता येतं, नंतर कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर ट्रॅक डे असला की जा.

कागद. गाडी दुसऱ्या राज्यातली, तर कर्नाटकातून फॉर्म 28 ची एनओसी, फॉर्म 29-30, लोन असेल तर फॉर्म 35, इथं टॅक्स भरून एमएच-09 करून घे, बारा महिन्यांची मुदत आहे म्हणून बसू नको, नाव ट्रान्सफर कळवायला त्याहून कमी दिवस मिळतात. इन्शुरन्स पण लगेच नावावर, 14 दिवस असतात, आणि मागच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुला मिळत नाही. आता ते खोकं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की कंपनीनं दिलेल्या मूळ नोंदीत बदल चालत नाही, 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं, आणि 182ए खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. बदल न सांगता क्लेम टाकला तर कंपनी हात वर करू शकते. त्यात गाडी 2012 ची, म्हणजे आरसीची पंधरा वर्षं 2027 मध्ये भरतात, रिन्यूअलला गाडी इन्स्पेक्टरपुढं उभी करायला लागते. तेव्हा कॅट नसलेला डाउनपाइप घेऊन जाणार आहेस का? म्हणून ते खोकं. माझं मत विचारशील तर कॅट आजच परत बसव, आवाज कमी होईल, शेजारी पण बोलायला लागतील.

प्रश्न: माझा मुलगा 21 वर्षांचा. मॉडिफाय केलेली ऑक्टाव्हिया आरएस बघून आलाय, दिल्लीची, इथल्यापेक्षा तीन लाखांनी स्वस्त. घ्यावी का? (एक वडील, इचलकरंजी)

उत्तर: काका, दिल्लीत पेट्रोल गाडीला 15 आणि डिझेलला 10 वर्षांची अट लागली होती, 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं ती सैल केली, पण त्यामुळं तिकडचा भाव मुळातच खाली असतो, ते तीन लाख म्हणजे काय सूट नव्हे. टॅक्स, एनओसी, गाडी आणायचा खर्च धरला की फरक विरघळतो. आपल्याकडची घेतली तरी 2019 आणि 2021 च्या महापुराचा इतिहास विचाराच, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ आहे का बघा, विकणारा सीट धुतो पण बेल्टचं टोक विसरतो. आणि पोराला आधी वर्षभर स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी, गाडी द्या. आरएस स्टॉकमध्ये पण 230 हॉर्सपॉवरची आहे, त्याला कमी पडणार नाही. ऐकत नसला तर इन्शुरन्सचा हप्ता त्याच्या पगारातून, बघा मग.

प्रश्न: माझी कार महिना महिना उभी असते. उंदरांनी वायर खाल्ली. बॅटरी पण उतरते. (फुलेवाडी)

उत्तर: बॅटरीला ट्रिकल चार्जर (हळूहळू चार्ज करत राहणारा) लावा, आणि पंधरा दिवसांतून एकदा नुसती चालू करून बंद करू नका, वीस-पंचवीस मिनिटं फिरवून आणा, जोतिबाला जाऊन या. आपल्या छत्रपतींच्या घरातली 1936 ची मेबॅक अजून दसऱ्याला दसरा चौकात येते, ती काय कव्हर घालून ठेवल्यामुळं नव्हे. उंदरांसाठी लोक बॉनेटमध्ये निपाणीची तंबाखू पुरचुंडी करून टांगतात, माझ्याकडं तरी फरक पडला. फक्त तुमच्या गाडीला पण वर राजारामपुरीवाल्यासारखा उघडा फिल्टर असेल तर पुरचुंडी त्याच्यापासून लांब आणि चालू करायच्या आधी आठवणीनं काढा. आमच्या एका दोस्तानं नाही काढली. गाडीला दोन दिवस तंबाखूचा वास येत होता, घरात बायको विचारत होती.