भूमध्य समुद्रातली लीग रचतोयस तर हे बघ

अरे तुझ्या प्रलयानंतरच्या गोष्टीतल्या लीगचा, म्हणजे व्यापारी बंदरांच्या युतीचा, नकाशा भारी काढलायस, पण व्हेनिस आणि जिनोआ ही इटलीतली दोन शहरं गुण्यागोविंदाने एका लीगमध्ये नांदतायत हे काही पटत नाही, 1378 ते 1381 च्या किओज्जाच्या युद्धात दोघं एकमेकांच्या जिवावर उठले होते, त्यामुळे एकत्र यायला कारणही तसंच तगडं दे. मी असतो तर रागुझा, म्हणजे आजचं दुब्रोव्निक, मध्यभागी ठेवलं असतं. एवढंसं शहर, ऑटोमन सुलतानाला खंडणी देऊन सगळ्यांशी धंदा करायचं, शिवाय 1377 मध्येच साथीच्या भागातून येणाऱ्यांना 30 दिवस बाहेर थांबवायचा कायदा केलेला. प्रलयानंतर याच्याइतकं कामाचं काय असणार! पहिला सीन तिथेच घे, खलाशी बेटावर अडकलेत, व्यापारी किनाऱ्यावरून बोंबलतोय, आणि जहाजातलं धान्य भिजून मोड यायला लागलेत.

माल्टा मात्र जपून. तिथे बारमाही नदी नाही, आज निम्म्याहून जास्त पिण्याचं पाणी समुद्राचं खारं पाणी गोडं करून मिळतं, वीज गेली की बेट जवळपास रिकामंच होणार ना. सुएझच्या भरवशावरही राहू नकोस, गाळ काढणं थांबलं की कालवा बुजत जाणार. आणि हिवाळ्यात जहाजं फारशी सोडू नको, रोमन लोकसुद्धा नोव्हेंबर ते मार्च समुद्र बंदच धरायचे.