गणित सोडून मधमाश्यांचं संशोधन?

प्रश्न: मुलगी सोळा वर्षांची आहे. मधमाश्या एकमेकींशी कसं बोलतात यावर संशोधन करायचं म्हणते. गणिताचा कंटाळा, म्हणून ते सोडून फक्त जीवशास्त्र घेणार आहे. यात पोट भरेल का? की हे सगळं आधीच शोधून झालंय? – एक आई

उत्तर: ताई, लेकीच्या वेडाची मला काळजी वाटत नाही. गणित सोडण्याच्या घाईची वाटते.

अन्न सापडलेली माशी परत येते आणि उभ्या पोळ्यावर पोट थरथरवत सरळ रेषेत थोडं चालते, वळून मागे येते, पुन्हा तेच. हाच तिचा नाच, बाकीच्या माश्यांना अन्नाचा पत्ता सांगणारा. या चालीचा उभ्या रेषेशी जो कोन, तोच बाहेर सूर्य आणि अन्न यांच्या दिशांमधला कोन. थरथर सेकंदभर टिकली, तर अन्न ढोबळमानाने एक किलोमीटरवर. हे कोडं कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडलं आणि १९७३ साली त्यांना नोबेल विभागून मिळालं. आता सांगा, यात गणित नाही तर काय आहे?

शोधून झालंय म्हणाल, तर अजिबात नाही. माशी अंतर मोजते कशी, याचं उत्तर २००० सालच्या सुमारास एका गमतीशीर प्रयोगातून मिळालं. भिंतींवर नक्षी असलेल्या, जेमतेम सहा मीटरच्या अरुंद बोगद्यातून माश्यांना उडवलं. परत आल्यावर त्यांनी नाचून सांगितलेलं अंतर होतं जवळपास दोनशे मीटर! डोळ्यांसमोरून दृश्य किती सरकलं, यावरून माशी अंतर ठरवते. भिंती जवळ असल्यामुळे ती फसली. २०२३ मध्ये आणखी एक गोष्ट कळली. ज्या तरुण माश्यांना अनुभवी माश्यांचा नाच बघायलाच मिळाला नाही, त्यांच्या नाचात चुका जास्त. दिशेतल्या पुढे कमी झाल्या, अंतराची चूक मात्र राहिली. म्हणजे नाच उपजत आहे, तरी थोडा शिकावाही लागतो.

पोटाचं म्हणाल, तर स्पष्टच सांगते. पदवी, पदव्युत्तर, मग पीएच.डी.ची चार-पाच वर्षं. त्यानंतरही फक्त मधमाश्यांवर काम करण्याच्या कायम जागा फार थोड्या. पण हल्ली माश्यांच्या पाठीवर बारीक खुणा चिकटवून संगणक दिवसरात्र त्यांचा माग काढतो. त्या व्हिडिओंतून अर्थ काढायला जी शिकली, ती परागीभवन, कीटकनाशकांचे परिणाम किंवा थेट डेटा सायन्सकडेही वळू शकते. जीवशास्त्राबरोबर संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग घेतलंच पाहिजे.

एक व्यवहाराची गोष्ट कुणी विचारत नाही: तिला डंखाची ॲलर्जी तर नाही ना? आधी कधी डंखानंतर अंगभर गांधी उठल्या असतील किंवा दम लागला असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पेटीजवळ जाऊ देऊ नका. आणि केळं खाऊनही नको. धोका वाटला की माश्या एकमेकींना सावध करणारा गंध सोडतात, त्यातला मुख्य घटक केळ्याच्या वासाचा असतो.

आता तिला एक काम द्या. नाचाचे व्हिडिओ ती बघतेच. त्यातला एक निवडून संथ गतीने लावायचा. एकाच माशीच्या वीस फेऱ्या घ्यायच्या. प्रत्येक फेरीत थरथर कधी सुरू झाली, कधी थांबली आणि कोन किती, हे वहीत लिहायचं. आकडे दर वेळी थोडे वेगळे येतील. ते पाहून ती वैतागली, की ‘असं का?’ म्हणाली, तेवढं मला कळवा. विषयांचं आपण त्यानंतर ठरवू.